फॉस्फेट : मोरीतले, ताटातले आणि तळ्यातले

मंडळी, वाण्याच्या दुकानात जाऊन "पाव किलो फॉस्फेट द्या हो," असे आजवर कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीसुद्धा हा पदार्थ तुमच्या-आमच्या घरात येऊन बसलेला आहे. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यातून तो आला, गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटातून आला, चीजच्या डब्यातून आला, केक फुगवायच्या पावडरीतून आला. आणि शेतकऱ्याच्या घरी तर तो खताच्या गोणीतून राजरोस आला. बोलावले नसताना पाहुणा आला म्हणजे घरातली माणसे दोन गोष्टी विचारतात. हा कोण, कुठला? आणि याच्यापासून काही अपाय तर नाही ना?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी तुम्हाला मुंबईच्या उपनगरांत घेऊन जाणार आहे. तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या माणसाला अंधेरी-घाटकोपरची हकीकत कशाला? कारण असे की, या क्षाराची सगळी रूपे तिथे थोड्या मैलांच्या आत एकत्र पाहायला मिळतात. ट्रॉम्बेला खत, वर्सोव्याला मासळी, घरोघरच्या मोरीत धुण्याची पावडर आणि मध्ये पवईचे तळे. जे तिथे मोठ्या प्रमाणावर घडले, ते आपल्या गावच्या तळ्यात लहान प्रमाणावर घडू शकते. म्हणून ही हकीकत तुमचीही आहे.

आधी पाहुण्याचे मूळ गाव पाहू. १६६९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रँड नावाचा एक किमयागार सोने करण्याच्या नादाला लागला होता. त्याने माणसाचे मूत्र आटवून आटवून, तापवून पाहिले. सोने काही निघाले नाही. पण अंधारात आपोआप चमकणारा एक पदार्थ हाती लागला. त्याला नाव मिळाले फॉस्फरस, म्हणजे ग्रीक भाषेत 'प्रकाश आणणारा'. पुढे शंभरेक वर्षांनी स्वीडनमधल्या गान आणि शेले या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की, हा फॉस्फरस हाडांतही असतो. तेव्हा हा पाहुणा परका नव्हे. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला शंभरातला ८५ हिस्सा हाडांत आणि दातांत असतो. ज्वारी, बाजरी, डाळी, दूध, अंडी, मासळी या सगळ्यांतून तो आपल्याला मिळतो. रोजची गरज एक ग्रॅमच्या आतबाहेरच असते.

नुसता फॉस्फरस हवेत पेट घेतो, म्हणून निसर्गात तो एकटा सापडत नाही. प्राणवायूशी जोडलेला सापडतो. त्या जोडीला म्हणायचे फॉस्फेट. आणि या फॉस्फेटला सोडियमची जोड मिळाली, म्हणजे जे क्षार तयार होतात ते सोडियम फॉस्फेट.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सोडियम फॉस्फेट हा एकच पदार्थ नाही, ते कुटुंब आहे. आणि भावंडांचे स्वभाव निरनिराळे आहेत. सोडियमचा एक वाटा असलेले मोनोसोडियम फॉस्फेट पाण्यात किंचित आंबट. दोन वाटे असलेले डायसोडियम फॉस्फेट सौम्य अल्कधर्मी. तीन वाट्यांचे ट्रायसोडियम फॉस्फेट मात्र चांगले जळजळीत. तेलकट लादी आणि जुना रंग खरवडायला ते वापरतात, आणि उघड्या हाताने हाताळले तर कातडी सोलवटते. याखेरीज तीन फॉस्फेटांची साखळी केलेले सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट आहे. आपल्या आजच्या हकीकतीतला मुख्य गडी तोच. म्हणून कोणी विचारले, "फॉस्फेट वाईट का हो?" तर पहिला उलट प्रश्न करायचा, "कोणते?" दुसरा करायचा, "किती?" आणि तिसरा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही, "वापरून झाल्यावर ते जाते कुठे?" या तीन प्रश्नांवर आजचे सगळे भाषण उभे आहे.

मोरीपासून सुरुवात करू. तुमच्या गावात एखादी विहीर अशी असेलच, की तिच्या पाण्यात साबण कितीही घासा, फेस येत नाही. उलट पांढरा चोथा तयार होतो आणि डाळ शिजता शिजत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि त्याचा सोबती मॅग्नेशियम यांचे क्षार असतात, आणि ते साबणाला कामच करू देत नाहीत. गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका बाटलीत पावसाचे पाणी, दुसरीत अशा विहिरीचे पाणी घ्यावे, दोन्हींत सारखाच साबण किसून टाकावा आणि बाटल्या खळखळून हलवाव्यात. फेसाची उंची पट्टीने मोजावी. मुले आयुष्यात विसरणार नाहीत.

सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचा गुण असा की, ते पाण्यातल्या कॅल्शियमला कवळून धरते. कॅल्शियम अडकून पडले, म्हणजे साबणाच्या किंवा धुण्याच्या द्रव्याच्या वाटेतला अडथळा दूर झाला. शिवाय सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसू देत नाही. या गुणाचा उपयोग करून १९४६ साली अमेरिकेत 'टाइड' ही पावडर बाजारात आली, आणि त्या काळातल्या तिकडच्या पावडरींत वजनाने तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त हा क्षार असे. आपल्याकडे हिंदुस्थान लीव्हरने १९५९ साली 'सर्फ' आणले. रिठा, राख आणि साबणाची वडी यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या धुण्यात हा मोठाच बदल होता. बादलीत पावडर टाकायची, फेस करायचा, कपडे बुडवून ठेवायचे; घासण्याचे श्रम वाचले. बायकांच्या मनगटांना विश्रांती मिळाली, ही गोष्ट लहान समजू नका.

आता तारखांचा एक योगायोग पाहा. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० साली बृहन्मुंबईत घेतला गेला. बोरिवली, मुलुंडपर्यंतची हद्द १९५७ साली जोडली गेली. म्हणजे भातशेती, वाड्या आणि कोळीवाडे यांचे शहर होऊ लागले, नेमक्या त्याच दशकात ही नवी पावडर आली. माणसे वाढली, मोऱ्या वाढल्या आणि मोऱ्यांचे पाणीही वाढले. ते पाणी कुठे गेले, ते शेवटी सांगतो.

मोरीतून आता ताटाकडे या. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राकाठी वर्सोव्याचा कोळीवाडा आहे. मासळीचे शास्त्र शिकवणारी, १९६१ साली मुंबईत स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही वर्सोव्यातच आहे. कोळणीच्या पाटीतल्या ताज्या कोळंबीला कसल्याही क्षाराची गरज नसते. पण कोळंबी गोठवून दूरदेशी पाठवायची म्हटली, की अडचण येते. बर्फ वितळताना तिच्या अंगचे पाणी गळते आणि शिजवल्यावर ती चिवट, कोरडी लागते. म्हणून गोठवण्याच्या कारखान्यांत ती सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पातळ द्रावात थोडा वेळ बुडवण्याची पद्धत जगभर आहे. त्यामुळे मांसातली प्रथिने पाणी धरून ठेवतात. धुण्याच्या पावडरीतलाच हा क्षार; पण खाण्यासाठी वापरायचा तो वेगळा शुद्ध केलेला असतो. शिसे, आर्सेनिक यांसारखी विषारी द्रव्ये त्यात ठरावीक मर्यादेच्या आत असावी लागतात. कारखानी प्रतीचा क्षार स्वस्त पडला म्हणून खाण्यात वापरणे हा गुन्हाच समजला पाहिजे.

यात आणखी एक मेख आहे. पाणी धरून ठेवणे हा ज्याचा गुण, त्याचा गैरवापर करायचा तर पाणीच भरता येते! कोळंबी जास्त वेळ बुडवून ठेवली की तिचे वजन वाढते, आणि गिऱ्हाईक कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेते. म्हणून यावर मर्यादा घातल्या आहेत. युरोपात कच्च्या गोठवलेल्या मासळीत एका किलोला ५ ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने, हा क्षार चालत नाही. घरची परीक्षा सोपी आहे. पाकिटातली कोळंबी तव्यावर टाकल्याबरोबर भसाभस पाणी सुटून ती निम्म्याने आक्रसली, तर आपण कशाचे पैसे दिले ते समजून घ्यावे.

खाण्यातले इतर उपयोग थोडक्यात सांगतो. चीज तापवले की तूप वेगळे आणि चोथा वेगळा होतो. फॉस्फेट घातल्याने तो एकजीव राहतो, म्हणून डबाबंद प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ते असते. बेकिंग पावडरीत सोड्याला आंबट जोडीदार लागतो, तेव्हा फेस येऊन पीठ फुगते. १८५६ साली अमेरिकेतल्या एबेन हॉर्सफर्डने कॅल्शियम फॉस्फेटचा असा आंबट क्षार वापरण्याचे पेटंट घेतले. यात भिण्यासारखे काही नाही.

मग 'किती' या प्रश्नाचे काय? आपल्याकडे १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि २००६ साली त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. कोणत्या खाद्यात कोणता पूरक पदार्थ किती घालायचा, याचे नियम त्याखाली ठरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८२ साली ठरवले की, माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ७० मिलिग्रॅम फॉस्फरस, सगळ्या अन्नातला मिळून, ही कमाल मर्यादा असावी. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली पुन्हा तपासणी करून हा आकडा ४० मिलिग्रॅमवर आणला. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला २.४ ग्रॅम. भाकरी, आमटी, भाजी, दूध खाणारा निरोगी माणूस या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो. पाकिटातले आणि डब्यातलेच खाणारा मात्र तिच्याजवळ जाऊ शकतो.

पण युरोपच्या त्याच निर्णयात एक इशारा आहे आणि तो आपण मोठ्याने वाचला पाहिजे. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, त्यांना ही मर्यादा लागू नाही. का? तर जादा फॉस्फरस शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती थकली, की फॉस्फरस रक्तात साठतो. मग हाडांतला चुना निघून जातो, हाडे ठिसूळ होतात आणि तोच चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतो. शिवाय धान्य-कडधान्यांतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपासच अंगी लागतो, पण वरून घातलेला क्षार बहुतेक सगळा रक्तात उतरतो. म्हणून मधुमेहाने किंवा रक्तदाबाने ज्यांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, त्यांनी पाकिटावरचे बारीक अक्षर वाचायला शिकलेच पाहिजे. ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१ आणि ४५२ हे आकडे दिसले, की ते फॉस्फेटचे कुटुंब समजावे. आजी-आजोबांना चष्म्यानेही दिसत नसेल तर नातवंडांनी वाचून दाखवावे. तसेच, पोट साफ करण्यासाठी सोडियम फॉस्फेटचे औषध आपल्या मनाने घेऊ नये. मोठ्या मात्रेत घेतलेल्या अशा औषधाने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसून आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्याविरुद्ध कडक इशारा दिला होता.

इथपर्यंत दोन प्रश्न झाले. निरोगी माणसाला, योग्य प्रतीचे आणि योग्य मात्रेत असेल, तर फॉस्फेट अपाय करत नाही. पुष्कळ माणसे इथेच पुस्तक मिटतात. पण मंडळी, तिसरा प्रश्न राहिलाच की! वापरून झाल्यावर ते जाते कुठे?

त्यासाठी पवईला चला. मुंबईला पाणी पुरावे म्हणून १८६० च्या सुमारास विहार आणि १८७९ साली तुळशी ही तळी बांधून झाली. तेवढ्याने भागेना, म्हणून पवईच्या खोऱ्यात बांध घालून १८९० साली तिसरे तळे बांधले. खर्च आला सुमारे साडेबारा लाख रुपये. भरले म्हणजे त्यात ५४५ कोटी लिटर पाणी मावते आणि त्याचा विस्तार सव्वादोन चौरस किलोमीटर होतो. पण पिण्यासाठी ते पाणी फार काळ चालले नाही. पुढे ते कारखान्यांच्या आणि आरे दूधवसाहतीच्या इतर कामांसाठीच राहिले. १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था याच तळ्याच्या काठी उभी राहिली. नंतरच्या दशकांत भोवताली उंच इमारती आल्या, त्यांच्या पायथ्याशी झोपड्या आल्या, आणि त्या सर्वांच्या मोऱ्यांचे व शौचकूपांचे पाणी उतार धरून तळ्याकडे येऊ लागले.

त्या पाण्यात काय होते? धुण्याच्या पावडरीचे फॉस्फेट होते, आणि माणसाच्या मलमूत्रातलेही होते. खरे बोलायचे तर दुसऱ्याचा वाटा लहान नाही. हेनिग ब्रँडला फॉस्फरस कुठे सापडला ते आठवा! आपण जेवढे खातो, जवळजवळ तेवढे बाहेर टाकतो. तळे काही विचारत नाही की, बाबा रे, तू कुठल्या मोरीतला. त्याला सगळे फॉस्फेट सारखेच.

आणि पाण्यातल्या वनस्पतीला ते खतच. शेतात जे हवे, तेच तळ्यात जास्त झाले तर तळ्याला अजीर्ण होते. एक ग्रॅम फॉस्फरसवर कोरड्या वजनाने सुमारे शंभर ग्रॅम शेवाळ वाढू शकते. शेवाळ वाढते, जलपर्णी पसरते, खालचा उजेड बंद होतो. ती मरून कुजू लागली, की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात आणि उन्हे चढेपर्यंत उताणे तरंगतात. पवईच्या पाण्यावर पसरलेली जलपर्णी मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. या तळ्यात मगरी आहेत, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचे हे आवडते ठिकाण आहे, आणि इथून सांडणारे पाणी मिठी नदीला मिळते. तेव्हा तळ्याचे दुखणे तळ्यापुरते राहत नाही.

हे सगळे फॉस्फेटमुळेच होते, याचा पुरावा काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. विचारलेच पाहिजे. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने एक तळे घेतले. त्याच्या निमुळत्या कमरेपाशी पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात साखर आणि नायट्रेट घातले. दुसऱ्यात साखर, नायट्रेट आणि फॉस्फेट घातले. थोड्याच आठवड्यांत फॉस्फेटचा भाग हिरवागार झाला आणि दुसरा निवळच राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्याआधीच १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी आपल्या सामाईक महासरोवरांसाठी करार करून फॉस्फेट कमी करायला सुरुवात केली होती. युरोपात २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा आली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. कारण ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले होते. या खेपेला मोठा दोष होता तो शेतांतून वाहून आलेल्या खताचा. आता कळले, मी तुम्हाला का बोलावले ते?

कारण ट्रॉम्बेला खताचा कारखाना १९६५ साली सुरू झाला, तिथले 'सुफला' महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेले, आणि त्यातला मधला आकडा म्हणजे स्फुरद, हेच आपले फॉस्फेट. ते ज्या खडकातून निघते, तो खडक आपला देश मुख्यत्वे परदेशातून विकत आणतो. इतका महाग माल उन्हाळ्यात बांधावर फेकून पहिल्या वळवाबरोबर ओढ्यात घालवणे, म्हणजे पैसे देऊन तळे नासवणे आहे.

पवईचा समावेश २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला. महानगरपालिका यंत्रांनी जलपर्णी काढते, सांडपाणी वळवण्याची कामेही हाती घेतली गेली. तरी दुखणे हटायला वेळ लागतो. एकदा आलेले फॉस्फेट तळाच्या गाळात मुरते आणि नवे येणे थांबले तरी वर्षानुवर्षे थोडेथोडे वर सुटत राहते. नासवायला वीस वर्षे लागली, तर सुधारायलाही धीर हवा. काढलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर पावसाने ती पुन्हा आत. ती दूर नेऊन कुजवली, तरच फॉस्फेट खरोखर बाहेर गेले.

मग आपण काय करायचे? धुण्याची पावडर मापाने घालावी. मूठभर जादा पावडरीने कपडा जास्त पांढरा होत नाही. 'फॉस्फेटविरहित' असे लिहिलेल्या पावडरी आता मिळतात, त्या पाहाव्यात. तळ्याच्या घाटावर धुणे टाकू नये. बादलीने पाणी बाहेर काढून धुवावे आणि सांडपाणी केळीच्या, अळूच्या वाफ्याला किंवा शोषखड्ड्याला द्यावे. स्फुरदाचे खत माती तपासून, पेरणीबरोबर, बियाच्या खाली मातीआड द्यावे, आणि उताराच्या शेताला बांध व गवताची पट्टी ठेवावी. गुरुजींनी तळ्याचे पाणी दोन काचेच्या बरण्यांत घ्यावे, एकीत सुपर फॉस्फेटचे चार दाणे टाकावेत, दोन्ही उजेडाच्या खिडकीत ठेवाव्यात आणि तीन आठवडे मुलांकडून रोज रंगाची नोंद करून घ्यावी. कॅनडातले तळे तुमच्या वर्गात येईल.

मंडळी, कपडे स्वच्छ झाले, कोळंबी रसरशीत राहिली, पीक भरून आले, यात वाईट काहीच नाही. फॉस्फेटचा लाभ ते वापरणाऱ्याला लगेच मिळतो. त्याची किंमत मात्र उताराच्या खालच्या अंगाला राहणारा कोणीतरी भरतो. कधी तो दुबळ्या मूत्रपिंडाचा शेजारी असतो, कधी खालच्या आळीतला कोळी असतो, कधी मुका मासा असतो. म्हणून यापुढे कोणत्याही नव्या रसायनाबद्दल कोणी तुम्हाला "हे अगदी निर्धोक आहे" असे सांगितले, तर कोणते आणि किती हे विचाराच, पण तिसरा प्रश्न विसरू नका. आपल्या मोरीचे पाणी कुठल्या तळ्याला जाते, हे आज संध्याकाळी घराबाहेर पडून एकदा बघून या.